आडवा वारा व हलक्या विमानांचे उड्डाण-अपघात

आडवा वारा : धावपट्टीच्या दिशेशी कोन करून वाहणाऱ्या वाऱ्याचा जो घटक धावपट्टीस लंब असतो, त्यास वैमानिकीत आडवा वारा म्हणतात. विमानाने उड्डाण करताना वाऱ्याला सामोरे जावे, हा विमानविद्येतील अगदी प्रारंभीचा नियम होय. समोरून येणारा वारा पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या वेगात भर घालतो व त्यामुळे जमिनीवरील धाव कमी होते. आडवा वारा अशी कोणतीही मदत करीत नाही. तो विमानाला धावपट्टीवरून बाजूस लोटतो, त्याचे नाक वाऱ्याकडे वळवितो व वाऱ्याकडील पंख उचलू पाहतो. मोठ्या प्रवासी विमानांचे वजन व उड्डाणवेग अधिक असल्याने त्यांना हे परिणाम कमी जाणवतात. परंतु दोन ते चार माणसे वाहून नेणाऱ्या, एका इंजिनाच्या व मळसूत्री पंख्याच्या हलक्या विमानांच्या उड्डाणात आडवा वारा हे अपघाताचे एक नेहमीचे कारण ठरले आहे. अशा अपघातांत मनुष्यहानी पुष्कळदा होत नाही; चाके मोडणे, पंखाचे टोक घासणे, पंख्याची पाती वाकणे एवढ्यावर निभावते. पण हीच चूक जमिनीपासून वीस-तीस मीटर उंचीवर पुढे चालू राहिली, तर परिणाम प्राणघातक होतो.

प्रश्नाचा उगम : आडव्या वाऱ्यातील अपघात हे एका अर्थी धावपट्टीचे अपत्य होय. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतील विमानतळ म्हणजे गवताचे मोकळे मैदान असे. वैमानिक वाऱ्याची दिशा पाहून मैदानाच्या योग्य त्या कडेस जाई व तेथून सरळ वाऱ्याच्या तोंडावर धाव सुरू करी. मुंबईतील जुहूचे मैदान १९२८ पासून विमानांसाठी वापरात आले, तेही याच प्रकारचे होते. जे. आर्. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ या लहान विमानाने तेथेच उतरले. पावसाळ्यात हे मैदान पाण्याखाली जाई व टाटांची विमानसेवा तेवढ्या काळापुरती पुण्यास हलवावी लागे. यावरून गवती मैदानाची मर्यादा ध्यानात येते. विमानांचे वजन वाढले, चिखलात रुतणाऱ्या चाकांना टणक पृष्ठभाग हवासा झाला आणि डांबराच्या किंवा काँक्रीटच्या पट्ट्या बांधण्यात येऊ लागल्या. पट्टी एका दिशेलाच असते. वारा मात्र दिशा बदलतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अनेक तळांवर यावर उपाय म्हणून त्रिकोणाच्या बाजूंप्रमाणे तीन धावपट्ट्या बांधीत. पुढे खर्च व जागा यांचा विचार करून बहुतेक लहान तळांवर एकच धावपट्टी ठेवण्यात आली आणि वाऱ्याशी जुळवून घेण्याची जबाबदारी वैमानिकावर आली. जलविमानाला मात्र जुन्या गवती मैदानाची ही सोय अद्याप उपलब्ध आहे. विस्तीर्ण जलाशयावर ते हवी ती दिशा निवडू शकते.

विमानांच्या रचनेतही या काळात बदल झाला. टायगर मॉथ, तसेच हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनविलेले व १९५८ मध्ये प्रथम उडालेले पुष्पक, ही भारतीय फ्लाइंग क्लबांत दीर्घकाळ वापरली गेलेली विमाने जमिनीवर शेपटी टेकून उभी राहणारी होती. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे नाक एका बाजूस थोडे जरी वळले, तरी जडत्वामुळे ते वळण आपोआप वाढत जाते व विमान जागच्या जागी गिरकी घेते. सेसना १७२ सारख्या, १९५० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या विमानांत तिसरे चाक नाकाखाली असते व गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे येतो. असे विमान स्वभावतः सरळ धावू पाहते. या सुधारणेने गिरकीचे अपघात पुष्कळ कमी झाले. तथापि आडव्या वाऱ्याची धास्तीही तिच्याबरोबर कमी झाली, हा तिचा दुसरा परिणाम म्हणावा लागेल.

परिमाण : वाऱ्याचा वेग व धावपट्टीशी त्याने केलेला कोन यांवरून आडवा घटक काढतात. वाऱ्याच्या वेगास त्या कोनाच्या ज्येने गुणले असता तो मिळतो. उदा., २० नॉट (सु. ३७ किमी. ताशी) वेगाचा वारा धावपट्टीशी ३०° कोन करीत असेल, तर आडवा घटक १० नॉट येतो, ४५° कोनास तो सु. १४ नॉट व ६०° कोनास सु. १७ नॉट होतो. ६०° च्या पुढे तो जवळजवळ पूर्ण वाऱ्याइतकाच धरावा, असे शिकाऊ वैमानिकास सांगतात. धावपट्टीला दिलेला क्रमांक हा तिच्या चुंबकीय दिशेचा दशांश असतो; पुण्याच्या लोहगाव तळावरील मुख्य धावपट्टीचा क्रमांक १०/२८ आहे, म्हणजे तिची दिशा सु. १००° व उलट बाजूने सु. २८०° आहे. त्यामुळे नियंत्रण मनोऱ्याने वाऱ्याची दिशा सांगताच कोन तोंडी काढता येतो. मनोरा नसलेल्या तळावर विंडसॉक या नावाने ओळखली जाणारी खांबावरील कापडी नळी हेच साधन उरते. सर्वसाधारण बनावटीची नळी सु. १५ नॉट वाऱ्यात पूर्ण आडवी होते. वारा त्याहून किती अधिक आहे हे ती सांगू शकत नाही. म्हणजे हलक्या विमानाला जेथून धोका सुरू होतो, नेमके तेथेच तिचे माप संपते.

हलकी विमानेच अधिक का सापडतात, हे एका साध्या तुलनेने स्पष्ट होईल. १५ नॉट आडवा वारा असताना ६० नॉट वेगाने चढणाऱ्या लहान विमानाला धावपट्टीच्या रेषेत राहण्यासाठी आपले नाक वाऱ्याकडे सु. १४·५° वळवून ठेवावे लागते. १४० नॉट वेगाच्या जेट विमानास तेवढ्याच वाऱ्यात सु. ६° पुरेसे होतात. वारा दोघांना सारखाच. त्याचे स्वतःच्या वेगाशी असलेले प्रमाण मात्र लहान विमानाच्या बाबतीत दुपटीहून जास्त असते.

धावेतील यांत्रिकी : हवेत गेलेले विमान भोवतालच्या हवेबरोबर वाहत असते. स्थिर वाऱ्यात त्याला बाजूने लोट असा जाणवत नाही. फक्त जमिनीच्या संदर्भात ते तिरके सरकते. जमिनीवरील विमानाची स्थिती याच्या उलट असते. चाकांच्या घर्षणामुळे ते जमिनीशी बांधलेले असते व वारा त्याच्या बाजूवर आदळत असतो. उड्डाण म्हणजे या एका अवस्थेतून दुसरीत जाणे होय. धाव सुरू होते तेव्हा सगळे वजन चाकांवर असते, घर्षण भरपूर असते. पण सुकाणू व पंखांवरील नियंत्रक पट यांवरून हवा मंद वाहत असल्याने ते जवळजवळ निरुपयोगी असतात. वेग वाढतो तशी पंखांवरील उत्थापक प्रेरणा चाकांवरचे वजन उचलू लागते व टायरांची पकड सुटत जाते. नियंत्रक पट त्याच वेळी प्रभावी होत जातात. मध्ये काही सेकंद असे येतात, की जमिनीने विमान अर्धवट सोडलेले असते आणि हवेने ते पुरते धरलेले नसते. उड्डाणाच्या वेळचे आडव्या वाऱ्याचे अपघात बहुतांशी याच सेकंदांत घडतात.

या अवस्थेत तीन परिणाम एकदम घडतात. पहिला, शेपटीचा उभा पंख गुरुत्वमध्याच्या बराच मागे असल्याने वारा शेपटीला ढकलतो व विमान कौलावरच्या वातकुक्कुटाप्रमाणे वाऱ्याकडे तोंड करू पाहते. दुसरा, वाऱ्याकडील पंखाखाली हवा शिरून तो उचलला जातो. उंचावर पंख असलेल्या विमानांत, उदा., सेसना १५२ व १७२ यांत, हे विशेष जाणवते. तिसरा, पूर्ण शक्तीवर चालणाऱ्या पंख्याच्या मागे जो मळसूत्री प्रवाह तयार होतो तो शेपटीवर एका बाजूने आदळतो. अमेरिकन बनावटीच्या सर्वसाधारण इंजिनांत, वैमानिकाच्या आसनावरून पाहता पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो व विमान डावीकडे वळू पाहते. त्यामुळे डावीकडून येणारा वारा हा उजवीकडून येणाऱ्या तेवढ्याच वाऱ्यापेक्षा अधिक त्रासदायक असतो, कारण दोन्ही ओढी एकाच दिशेच्या होतात. टायगर मॉथच्या जिप्सी मेजर इंजिनात पंखा उलट फिरत असल्याने तेथे हा हिशेब उलटा असे.

योग्य पद्धत : धाव सुरू करतानाच नियंत्रक दांडा किंवा चाक वाऱ्याच्या बाजूस पूर्ण वळवावयाचे असते. त्यामुळे पंखांच्या टोकांजवळचे एलेरॉन नावाचे पट वाऱ्याकडील पंख खाली दाबून धरतात. वेग वाढेल तसे हे वळण हळूहळू कमी करीत आणावे लागते, कारण पटांचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व सुरुवातीचे वळण तसेच ठेवले, तर वाऱ्याकडील पंखच जमिनीकडे झुकेल. पायांखालील पेडलांनी सुकाणू मात्र वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस वळवून धावपट्टीची मध्यरेषा धरून ठेवतात. हाताने एका दिशेला व पायाने दुसऱ्या दिशेला, अशी ही क्रिया नवशिक्यास प्रथम विचित्र वाटते. नेहमीच्या वेगापेक्षा थोडा अधिक वेग होईपर्यंत विमान जमिनीवर दाबून ठेवून मग ते निश्चयाने एकदम उचलतात, म्हणजे अर्धवट अवस्थेचा काळ कमीतकमी राहतो. चाके सुटताच नाक वाऱ्याकडे वळू देऊन पंख सपाट करतात व धावपट्टीच्या रेषेत, पण तिरक्या नाकाने, विमान चढू लागते.

अपघातांची रूपे : सर्वाधिक आढळणारा प्रकार धावपट्टीवरून बाजूस जाण्याचा आहे. वैमानिक सुकाणूचा दाब क्षणभर कमी करतो, नाक वाऱ्याकडे वळते; ते सरळ करण्यासाठी तो विरुद्ध पेडल अतिरेकाने दाबतो आणि नागमोडी सुरू होते. दुसऱ्या प्रकारात वाऱ्याकडील पंख उचलला जाऊन विमान एका चाकावर तोलले जाते व दुसऱ्या पंखाचे टोक जमिनीस लागते. तिसऱ्या प्रकारात, धाव वेडीवाकडी होऊ लागलेली पाहून घाबरलेला वैमानिक पुरेसा वेग येण्याआधीच विमान उचलतो. ते जमिनीलगतच्या हवेच्या आधाराने दीड-दोन मीटर वर जाते, वाऱ्याबरोबर बाजूस सरकते आणि पुन्हा खाली बसते. १० नॉट आडव्या वाऱ्यात विमान दर सेकंदास सु. ५ मी. बाजूस जाते, तीन सेकंदांत सु. १५ मी. म्हणजे ३० मी. रुंदीच्या धावपट्टीची अर्धी रुंदी संपते. खाली बसताना चाकांवर बाजूचा धक्का येतो. चाकांचे आधारदांडे उभा भार सोसण्यासाठी बनविलेले असतात. बाजूचा धक्का ते फारच कमी सोसतात. याउलट काही वैमानिक विमान जमिनीवर ठेवण्यासाठी दांडा इतका पुढे ढकलतात, की मुख्य चाके उचलली जाऊन सगळा भार नाकाच्या चाकावर येतो. हातगाडीसारखे एका चाकावर धावणारे विमान आडव्या वाऱ्यात भोवऱ्याप्रमाणे फिरते.

चौथा प्रकार संख्येने कमी, पण सर्वांत घातक होय. विमान जमिनीपासून सुटलेले असते, वेग जेमतेम असतो आणि वैमानिक लगेच वळण घेतो. वाऱ्याच्या दिशेने वळल्यास जमीन डोळ्यांसमोरून भराभर मागे पळू लागते. आपला वेग भरपूर आहे असा भास होतो आणि नाक नकळत वर उचलले जाते. वळणात पंखांवर भार वाढतो. हवेशी असलेला पंखांचा कोन मर्यादेपलीकडे गेला, की उत्थापक प्रेरणा एकाएकी ढासळते. या अवस्थेस स्टॉल म्हणतात. तेवढ्या उंचीवर त्यातून सावरण्यास वाव नसतो. अमेरिकेतील शायेन येथे ११ एप्रिल १९९६ रोजी झालेला अपघात याच जातीचा होता. जेसिका डुब्रॉफ ही सात वर्षांची मुलगी आपले वडील व प्रशिक्षक यांच्यासह सेसना १७७ विमानाने अमेरिकाखंड ओलांडण्यास निघाली होती. समोर गडगडाटी वादळ येत असताना, जोरदार व झोत मारणाऱ्या वाऱ्यात, मर्यादेपेक्षा अधिक वजनानिशी उड्डाण करण्यात आले. विमान उजवीकडे वळत असतानाच कोसळले व तिघेही मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने प्रमुख दोष प्रशिक्षक-वैमानिकाच्या त्या हवामानात निघण्याच्या निर्णयाला दिला. शायेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सु. १,८७५ मी. उंचीवर असून विरळ हवेने त्या चुकीत भर घातली, असेही मंडळाने नमूद केले.

झोत, अडथळे व डोंगर : स्थिर वाऱ्यापेक्षा झोतांचा वारा अनेक पटींनी अवघड असतो. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १० नॉटचा वारा झोतात २० नॉट झाला, तर विमानाच्या बाजूवरील लोट चौपट होतो. झाडांची रांग, विमानशाळा, टेकडीचा सुळका यांच्या आडोशाला वारा शांत भासतो व आडोसा संपताच तो एकदम आदळतो. धावेच्या पहिल्या टप्प्यात आडोसा व उचलण्याच्या टप्प्यात मोकळा वारा असेल, तर वैमानिक नेमका चुकीच्या क्षणी गाठला जातो.

मोठ्या विमानाच्या बाबतीत घडलेले, पण या विषयावर सर्वाधिक प्रकाश टाकणारे उदाहरण डेन्व्हर येथील आहे. २० डिसेंबर २००८ रोजी तेथून निघालेले बोइंग ७३७ जातीचे विमान धावेतच डावीकडे, म्हणजे वाऱ्याकडे, वळून धावपट्टीबाहेर गेले व पेटले. त्यातील सर्व ११५ जण वाचले. वैमानिकांना पश्चिमेकडून २७ नॉट वारा असल्याचे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात त्यांच्यावर आदळलेला झोत ४५ नॉटांपर्यंत गेला होता. तळावरील दुसऱ्या एका वातमापकावर त्यांना सांगितलेल्या वेगाहून अधिक वारा दिसत होता, पण तो आकडा त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. रॉकी पर्वतावरून येणाऱ्या हवेत त्या वेळी गिरितरंग निर्माण झाले होते व त्यांमुळे वाऱ्याचे झोत ठिकठिकाणी वेगवेगळे होते. मुख्य वैमानिकाने धावपट्टी सुटण्याच्या सु. चार सेकंद आधी सुकाणूवरचा दाब सोडून दिला, असे चौकशीत आढळले. एका जागचा वातमापक संपूर्ण धावपट्टीचा वारा सांगत नाही, विशेषतः डोंगराच्या आडोशाला, हा या अपघाताने पुढे आणलेला मुद्दा लहान तळांना अधिकच लागू पडतो.

मुळशी व दख्खनचे पठार : पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस असलेला मुळशी तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर वसला आहे. मुळा नदीवरील टाटांच्या धरणाचा जलाशय, कोराईगड, घनगड व तैलबैला यांचे डोंगर आणि ताम्हिणी घाट ही त्याची ओळख होय. तालुक्याच्या पश्चिम कडेला जमीन कोकणात एकदम उतरते. समुद्रावरून येणारा वारा या कड्यावर चढतो, खिंडींतून व दऱ्यांतून दाबला जाऊन वेग घेतो आणि माथा ओलांडताच पूर्वेकडील खोऱ्यांत भोवरे करीत उतरतो. कोराईगडाजवळ आंबवणे येथे ॲम्बी व्हॅली वसाहतीसाठी खाजगी धावपट्टी बांधण्यात आली. अशा प्रदेशातील कोणत्याही धावपट्टीपुढे मूळ अडचण असते ती दिशेची. सपाट प्रदेशात प्रचलित वारा पाहून धावपट्टीची दिशा ठरविता येते. जुहूची मुख्य धावपट्टी ०८/२६, सांताक्रूझची ०९/२७ व लोहगावची १०/२८ आहे. तिन्ही जवळपास पूर्व-पश्चिम असून पावसाळ्यातील पश्चिमेकडचा वारा त्यांच्या लांबीवरून वाहतो. डोंगराळ भागात मात्र जेथे हजारभर मीटर सपाट जमीन सापडेल तेथे व त्याच दिशेने पट्टी आखावी लागते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने यासाठी एक कसोटी सुचविली आहे. विमानतळ ज्या विमानांसाठी आहे, त्यांना वर्षातील किमान ९५ टक्के वेळ आडव्या वाऱ्याचा अडथळा होऊ नये, अशा दिशेने धावपट्ट्या असाव्यात. १,५०० मी. किंवा त्याहून लांब धावपट्टी लागणाऱ्या विमानांसाठी ताशी ३७ किमी., १,२०० ते १,५०० मी. लागणाऱ्यांसाठी ताशी २४ किमी. आणि १,२०० मी. पेक्षा कमी लागणाऱ्यांसाठी ताशी १९ किमी. (१० नॉट) हा आडव्या घटकाचा आकडा या हिशेबात धरतात. सर्वांत लहान विमानांना सर्वांत कमी वारा सोसवतो, याची ही अधिकृत नोंदच होय. आणि सर्वांत लहान तळांनाच पट्टीची दिशा निवडण्याचे स्वातंत्र्य सर्वांत कमी असते.

पुणे परिसरात वर्षभराचा वारा एकसारखा नसतो. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम व नैर्ऋत्येकडून सतत जोराचा वारा असतो. हिवाळ्यात पहाटे हवा जवळजवळ स्थिर असते, थंड हवा उतारांवरून खोऱ्यांत साचते व धुके पडते. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या प्रवाहांमुळे वारा दिशाहीन होतो आणि सायंकाळच्या सुमारास समुद्रावरील वारा घाट चढून पुण्यापर्यंत येतो. उड्डाणाला सर्वांत घातक ठरतात ते एप्रिल-मेमधील वळवाचे ढग. त्यांतून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते व पाऊस येण्याच्या कितीतरी आधी धुळीची भिंत घेऊन चंडवात येऊन ठेपतो. काही मिनिटांत वाऱ्याची दिशा पूर्ण उलटू शकते. धाव सुरू करताना समोरून असलेला वारा उचलण्याच्या वेळी बाजूचा किंवा पाठीमागचा झालेला असतो.

याच ऋतूत उष्णताही आपला वाटा उचलते. ६०० मी. उंचीवर तापमान ३८° से. असेल, तर तेथील हवेची घनता प्रमाण वातावरणातील सु. १,५०० मी. उंचीवरच्या हवेइतकी कमी होते. वेगदर्शकावर तोच आकडा असताना विमानाचा खरा वेग सु. ८ टक्के अधिक असतो, इंजिनाची शक्ती घटते, धाव लांबते व चढ मंदावतो. आडव्या वाऱ्यात विमान थोडे अधिक वेगाने उचलावे हा नियम आणि लांबलेली धाव यांची बेरीज आखूड धावपट्टीवर बसेनाशी होते.

मुळशीच्या भूप्रदेशात हवामानाचा अंदाज चुकण्याची किंमत अलीकडे दिसून आली आहे. २ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी बावधन येथील हेलिपॅडवरून जुहूकडे निघालेले हेलिकॉप्टर उड्डाणानंतर काही मिनिटांतच डोंगराळ भागात कोसळले आणि दोन वैमानिक व एक अभियंता यांचा मृत्यू झाला. त्या वेळी परिसरात दाट धुके होते. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही व तेथे प्रश्न आडव्या वाऱ्याचा नव्हता. तरी सह्याद्रीच्या कुशीतील उड्डाणस्थानावर हवेची खबर देणारी साधने किती थोडी असतात, ही गोष्ट दोन्ही बाबतींत समानच आहे.

पुस्तिकेतील आकडा : प्रत्येक विमानाच्या माहितीपुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा एक आकडा दिलेला असतो. सेसना १५२ साठी तो १२ नॉट व सेसना १७२ साठी १५ नॉट आहे. या आकड्याविषयी शिकाऊ वैमानिकांत मोठा गैरसमज आढळतो. हा आकडा विमानाची सिद्ध झालेली मर्यादा नव्हे. चाचणीच्या वेळी निष्णात वैमानिकाने त्या वाऱ्यात विमान उतरवून व उडवून दाखविले, एवढाच त्याचा अर्थ असतो. अमेरिकन प्रमाणन नियमांत दीर्घकाळ अशी अट होती, की विमान पंखांचे झडप-पट खाली असताना ज्या वेगाला स्टॉल होते, त्या वेगाच्या किमान एकपंचमांश आडवा वारा त्याने सहज सोसला पाहिजे. म्हणून विमान कदाचित अधिक वारा सोसू शकेल. पण चाळीस तास उड्डाण केलेला विद्यार्थी आकड्याइतकाही सोसू शकेल, असा त्याचा अर्थ होत नाही. आकड्यात झोतांचा, ओल्या धावपट्टीचा किंवा झिजलेल्या टायरांचा विचार नसतो. यामुळे चांगल्या प्रशिक्षणसंस्था विद्यार्थ्याच्या एकट्याच्या उड्डाणासाठी पुस्तिकेहून पुष्कळ कमी मर्यादा घालून देतात व ती अनुभवाप्रमाणे वाढवीत नेतात. महाराष्ट्रात बारामती, धुळे आणि गोंदियाजवळील बिरसी येथे वैमानिक-प्रशिक्षण चालत आले आहे. या सर्व ठिकाणी उघड्या माळावरचा वारा हा प्रशिक्षणाचाच एक भाग असतो.

उड्डाण सोडून देणे : आडव्या वाऱ्यात विमान उतरवताना वैमानिकाला पुन्हा वर जाण्याची मुभा असते. दुसऱ्यांदा प्रयत्न करता येतो, शेजारच्या तळावर जाता येते. उड्डाणाच्या बाबतीत त्याच्या हाती याहून सोपा पर्याय असतो, तो म्हणजे न निघणे. आणि तरीही उतरण्याच्या मानाने उड्डाणाकडे कमी सावधपणे पाहिले जाते. विमान जमिनीवर उभे असते, प्रवासी बसलेले असतात, परवानगी मिळालेली असते. या सर्वांचा दबाव निघण्याच्या बाजूने असतो. धाव सुरू झाल्यावर निर्णयास मिळणारा वेळ फार थोडा असतो. सेसना १५२ सारखे विमान साधारण ५० नॉट वेगाला उचलले जाते व तेथवर पोहोचण्यास त्याला जेमतेम पंधरा-वीस सेकंद लागतात. म्हणून धाव कोणत्या स्थितीत सोडून द्यावयाची, हे ती सुरू करण्यापूर्वी ठरविणे आवश्यक असते : नाक मध्यरेषेवरून हलले व पूर्ण सुकाणू देऊनही परत आले नाही, किंवा अर्ध्या धावपट्टीपर्यंत ठरलेला वेग आला नाही, तर शक्ती बंद करून थांबावयाचे. पूर्ण सुकाणू देऊनही विमान सरळ राहत नसेल, तर त्या वाऱ्यासाठी तेथे आणखी नियंत्रण शिल्लक नाही, हाच त्याचा अर्थ असतो. विमान उचलून त्यातून सुटका करून घेण्याचा मोह हेच वर सांगितलेल्या तिसऱ्या व चौथ्या प्रकारच्या अपघातांचे मूळ होय. शक्ती बंद केल्यावरही नियंत्रक चाक वाऱ्याकडे वळवून ठेवावे लागते. विमान थांबून जागेवर बांधले जाईपर्यंत वारा त्याचा पिच्छा सोडत नाही, व उभ्या विमानाचा पंख उचलला गेल्याची उदाहरणेही कमी नाहीत.

चौकशी : भारतातील गंभीर विमान-अपघातांच्या चौकशीसाठी २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण विभाग हे स्वतंत्र कार्यालय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत सुरू करण्यात आले, त्यापूर्वी हे काम प्रामुख्याने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे असे. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार अशा चौकशीचा उद्देश पुढील अपघात टाळणे हा असतो, दोषी ठरविणे हा नसतो. हलक्या विमानांच्या बाबतीत तिच्यात एक व्यावहारिक अडचण येते. त्यांत मोठ्या विमानांप्रमाणे नोंदयंत्रे बहुधा नसतात, आणि लहान खाजगी धावपट्टीवर वाऱ्याची सतत नोंद ठेवणारे उपकरणही पुष्कळदा नसते. अपघाताच्या क्षणी वारा किती व कोठून होता, हे धावपट्टीवरील टायरांच्या खुणा, पंखाच्या टोकावरील ओरखडे, प्रत्यक्षदर्शींची सांगी आणि कित्येक किलोमीटर दूरच्या हवामान केंद्राच्या नोंदी यांवरून ठरवावे लागते. घाटमाथ्यावर तर एका दरीतील वारा शेजारच्या दरीतील वाऱ्याशी जुळत नाही. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र वातनळ्या व स्वयंचलित नोंद करणारा वातमापक बसविल्यास उड्डाणापूर्वी वैमानिकाला व अपघातानंतर अन्वेषकाला एकाच माहितीचा आधार मिळतो. विमानाच्या किमतीच्या मानाने या साधनांचा खर्च अगदी अल्प असतो.